लेझर पॉइंटरचा ठिपका पुन्हा पुन्हा धूसर होतो? लेन्सला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "लेन्स पुसली, आठ-पंधरा दिवस बरा चालला, आता परत तसंच." ठिपक्याभोवती धुकट वलय दिसतं, मधोमध काळसर डाग असतो, किंवा ठिपका लांब गेला की थाळीएवढा पसरतो. आमच्या आकाशदर्शनाच्या गटातले हिरवे पॉइंटर, ओळखीच्या शिक्षकांचे लाल पॉइंटर आणि छंद म्हणून घरी जुळवलेली मोड्यूलं (लेझर आणि लेन्स एकत्र बसवलेली छोटी नळकांडी) माझ्याकडे दुरुस्तीला येतात. रंग कोणताही असो, गोष्ट तीच.

पुसूनही परत येणारी घाण बहुतेक वेळा पॉइंटरच्या आतूनच येत असते. आट्यातलं ग्रीस, गमाची वाफ, पितळेची पूड, कोंडलेली दमट हवा, असं काहीतरी. तो उगम सापडत नाही तोवर तुम्ही दर महिन्याला लेन्स पुसत राहता आणि दर पुसण्याला तिच्यावर ओरखडे वाढत जातात. कित्येकदा तर बिचाऱ्या लेन्सचा काही दोषच नसतो. म्हणून आधी निदान, मग पेचकस.

त्याहीआधी डोळ्यांबद्दल. लेबलावर "५ मिलीवॅटपेक्षा कमी" लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने १२२ पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तिथल्या सुरक्षा नियमांत बसले नाहीत. तेव्हा हातातला प्रत्येक पॉइंटर लेबलापेक्षा जोरदार आहे असंच धरून चाला. सेल काढल्याशिवाय उघडायचं नाही. चालू पॉइंटरच्या तोंडात नुसत्या डोळ्यांनीही बघायचं नाही आणि भिंगातून तर मुळीच नाही. ठिपका पाडायचा तो चुन्याच्या भिंतीवर किंवा जाड कार्डशीटवर. टाइल, काच, स्टीलचं कपाट यांच्यावर नाही. उन्हाचा गॉगल इथे काहीही वाचवत नाही. कागद जाळणारे, शेकडो मिलीवॅटचे निळे पॉइंटर तुमच्याकडे असतील तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. त्या तरंगलांबीचा खास चष्मा असल्याशिवाय ते उघडूच नका.

ठिपका काय सांगतो

खोलीत अंधार करा. पॉइंटर पुस्तकांच्या दोन गठ्ठ्यांमध्ये नीट बसवा, बटण दाबून ठेवायला रबरबँड लावा आणि पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. आता बाजूला उभं राहून शांतपणे बघा.

ठिपक्यात वाळूसारखा रवाळ, चमचमणारा पोत दिसतो आणि डोकं हलवलं की तो सरकतो. ही घाण नव्हे. लेझरचा प्रकाश एकाच तालातला असल्यामुळे खडबडीत भिंतीवरून परतताना असा पोत दिसणारच. यासाठी लेन्स उघडलेली माणसं मी पाहिली आहेत. लाल पॉइंटरचा ठिपका किंचित लांबट असतो तोही दोष नाही. लेझर डायोडच्या, म्हणजे प्रकाश तयार करणाऱ्या भागाच्या, चिपमधून प्रकाश दोन दिशांना वेगवेगळा पसरतो: एका बाजूला साधारण ८-१० अंश, तर दुसऱ्या बाजूला २८-३० अंश. लेन्स ते किरण समांतर करते, पण मूळचा लंबगोल आकार तसाच राहतो.

ठिपक्याभोवती सारखा, मऊ धुकट उजेड पसरला असेल तर लेन्सवर तेलकट थर आहे. तो बोटाचा ठसा असेल, ग्रीस असेल किंवा गमाची वाफ असेल. ठिपक्यातून आडवी प्रकाशाची रेघ निघत असेल तर तिच्याशी काटकोनात असलेला ओरखडा किंवा पुसल्याचा फराटा लेन्सवर शोधा, सापडेल. ठिपका एका बाजूने चंद्रकोरीसारखा कापलेला असेल तर लेन्स तिरकी बसली आहे. पॉइंटर पडल्यावर हे हमखास होतं. आकार स्वच्छ आहे पण लांबवर ठिपका फार मोठा होतो, तर फोकस सरकला आहे. साधारण पॉइंटरचा किरण १ ते २ मिलीरेडियन पसरतो, म्हणजे दर मीटरमागे १ ते २ मिलिमीटर. २० मीटरवर ठिपका दोन ते चार-साडेचार सेंटिमीटर असेल तर फोकस ठीक आहे. तळहाताएवढा असेल तर आटे ढिले झालेत.

सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे काळा डाग आणि त्याभोवती पाण्यातल्या तरंगांसारखी गोल वलयं. ही एखाद्या धूलिकणाची सावली. कण कुठे बसलाय हे न उघडता कळतं, फक्त लेन्स फिरवता येणारी हवी. लेन्स धरून ठेवणारा नट थोडा आत घेऊन फोकस बिघडवा, म्हणजे ठिपका तळहाताएवढा होईल आणि डाग मोठे दिसतील. आता नट हळूहळू पाव फेरा फिरवा. डाग नटाबरोबर फिरला तर कण लेन्सवर आहे. लेन्स फिरली आणि डाग जागचा हलला नाही तर कण डायोडच्या काचेवर आहे, तुम्ही लेन्स कितीही पुसलीत तरी तो तिथेच राहणार. मग पॉइंटरला हलकी टिचकी मारून पाहा. डागाने जागा बदलली तर आत सुटी पूड फिरते आहे. "पुसलं तरी परत येतं" या तक्रारीचं एक मोठं कारण ही पूडच असते. पितळी नट फोकससाठी सारखा फिरवला की आटे घासून बारीक कण गळतात आणि खाली डायोडवर जाऊन पडतात.

हिरव्याचं वेगळं आहे

आकाशदर्शनात वापरले जाणारे हिरवे पॉइंटर बहुतांशी ५३२ नॅनोमीटरचे असतात आणि त्यांच्यात हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनाडेट स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि केटीपी नावाचा दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो, तेव्हा कुठे ५३२ मिळतात. पुढे एक छोटी पसरवणारी लेन्स, मग समांतर करणारी मोठी लेन्स, आणि वाटेत कुठेतरी अवरक्त अडवणारी फिल्टरची काच.

डिसेंबर-जानेवारीत माळरानावर मध्यरात्रीनंतर हा पॉइंटर मंद झाला की सगळे लेन्सवर संशय घेतात. बहुतेकदा कारण थंडी असतं. डायोडची तरंगलांबी तापमानाच्या दर अंशामागे सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते. पारा वीस अंशांनी उतरला की ती पाच-सहा नॅनोमीटर घसरते आणि स्फटिक ज्या तरंगलांबीचा प्रकाश नीट शोषतो तिथून डायोड बाजूला जातो. त्यात अल्कलाइन सेलही गारठ्यात मरगळतात. पॉइंटर दहा मिनिटं आतल्या खिशात ठेवा. पूर्ववत झाला तर लेन्स पुसायची काही गरज नाही. ठिपक्याचे दोन-तीन तुकडे झाले असतील तर तो स्फटिकांच्या जुळणीचा दोष, तोही लेन्सचा नव्हे आणि घरी सुटणाराही नव्हे.

हिरवा उघडलात तर फक्त सर्वांत पुढची लेन्स स्वच्छ करा. स्फटिक गमाने एका नेमक्या जागी बसवलेले असतात, त्यांना धक्का लागला की पॉइंटर संपला. वाटेत पातळ, बऱ्याचदा फिकट निळसर काचेचा तुकडा दिसला तर तो अवरक्त फिल्टर आहे. "काढल्यावर उजेड वाढतो" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. वाढतो तो मुख्यतः न दिसणारा प्रकाश, ज्याला पापणी मिटत नाही. त्याच अमेरिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असा एक स्वस्त पॉइंटर तपासला होता: हिरवा उजेड मंद, पण अवरक्त जवळपास २० मिलीवॅट. कार्यक्रमाला लहान मुलं पुढच्या रांगेत बसतात. फिल्टर फुटलेला किंवा नसलेला पॉइंटर त्यांच्यासमोर चालू करणं मला मान्य नाही. तो बादच करावा.

पुसायचं कसं, कशाने

सेल काढा. टेबलावर पांढरा कागद पसरा, कारण स्प्रिंग उडते. नेहमीच्या लाल मोड्यूलमध्ये पितळी नळकांडं, त्यात छोटी स्प्रिंग, तिच्यावर प्लॅस्टिकची लेन्स आणि वरून खाच असलेला नट असतो. नटाच्या दोन्ही खाचांत चिमट्याची टोकं अडकवून फिरवा. एकाच बाजूला पेचकस लावून ढकललात तर तो घसरतो आणि सरळ लेन्सवर ओरखडा काढतो. लेन्स काढताना वरची बाजू कोणती होती ते मार्करने कडेला ठिपका देऊन लक्षात ठेवा.

लेन्स काळ्या कापडावर ठेवून बाजूने टॉर्च मारा आणि घड्याळजी वापरतात तसल्या भिंगातून पाहा. सरळ उजेडात जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात लख्ख दिसतं. काच की प्लॅस्टिक हेही इथेच ठरवा. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिक लेन्सच्या कडेला, जिथून प्लॅस्टिक ओतलं तिथे, छोटा सपाट काप किंवा टोक राहिलेलं असतं.

पहिलं काम हवा मारण्याचं, तीही कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे तुषार जातात. धूळ न उडवता पुसायला घेतलं की तीच धूळ सँडपेपरचं काम करते. शर्टाचं टोक, रुमाल, पेपर नॅपकिन यातलं काहीही नको. कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा लेन्स टिश्यू आणा.

लेन्स काचेची असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. टिश्यूची पट्टी लेन्सवर अलगद ठेवा, वर एकच थेंब सोडा आणि पट्टी एका दिशेने आडवी ओढून घ्या. वरून दाब द्यायचा नाही, ओल्या टिश्यूचं वजन पुरतं. ती पट्टी टाकून द्या आणि गरज असेल तर नवी घ्या. थेंब जास्त पडला तर कडेचं तेल वितळून मध्ये येतं आणि वाळल्यावर गोल डाग राहतो.

मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरून "पुसलं तरी धूसर" म्हणणारे बरेच आहेत. सॅनिटायझरमध्ये त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेलं असतं आणि सर्जिकल स्पिरिटमध्येही इतर पदार्थ असतात. अल्कोहोल उडून जातं आणि त्यांचा थर लेन्सवर राहतो. ठिपक्याभोवतीचं धुकं तुम्हीच नव्याने लावलेलं असतं.

प्लॅस्टिक लेन्सला अॅसिटोन कदापि नको, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरही नको. अॅक्रिलिक त्यात विरघळतं आणि लेन्स कायमची पांढुरकी होते. ताण असलेल्या अॅक्रिलिकला अल्कोहोलनेही बारीक चिरांचं जाळं पडू शकतं. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वाटीत घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि लेन्स त्यात हलवून काढा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमधून दोनदा विसळा आणि कडेला टिश्यू टेकवून पाणी शोषून घ्या. नळाचं पाणी वापरलं तर क्षाराचे ठिपके उरतात.

डायोडच्या डबीला काच असेल तर तिच्यावरही हाच आयपीए चालतो. पण आत बघताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. स्वस्त लाल मोड्यूलमध्ये डायोडला काचच नसते. तळाशी उघडी चिप आणि तिला जोडलेली केसाहून बारीक सोनेरी तार दिसली, तर टिश्यू, काडी, थेंब यातलं काहीही आत जाऊ देऊ नका. लांबून ब्लोअरची हलकी हवा मारा आणि तिथेच थांबा. शिवाय डायोड स्थिर विजेने मरतो, म्हणून काम सुरू करण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावून घ्या आणि नायलॉनचे कपडे टाळा.

परत का येतं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लेन्स स्वच्छ करून ठेवलीत आणि वापर नसतानाही काही दिवसांत धुकं आलं, तर मला पहिला संशय येतो तो गमाचा. ढिली लेन्स पक्की करायला फेविक्विकच्या जातीचा झटपट गम लावला की सुकताना त्याची वाफ होते आणि ती आजूबाजूच्या पृष्ठभागावर पांढुरक्या थराच्या रूपात बसते. बंद नळीत तिला जायला दुसरी वाटच नसते. गम आट्यात आहे तोवर पुसण्यात अर्थ नाही. नट काढा, दोन्हीकडचे आटे खरवडून आयपीएने धुवा, मगच लेन्स पुसा. आटे ढिले असतील तर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप एक वेढा पुरते. नट पुन्हा कधीच फिरवायचा नसेल तर बाहेरच्या कडेला नेलपॉलिशचा टिपका द्या आणि तोंड उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या.

दुसरा संशय ग्रीसचा. नट कुरकुरतो म्हणून कुणीतरी गंज सोडवणारा स्प्रे किंवा सिलिकॉन ग्रीस लावलेलं असतं. ते जागेवर राहत नाही. आट्यांवरून सरपटत लेन्सच्या कडेपर्यंत येतं, आणि मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पॉइंटर राहिला तर फारच लवकर. इथे धुकं लेन्सच्या कडेकडून मध्याकडे वाढताना दिसतं, ही खूण. पितळेच्या पुडीवरही ग्रीस हा उपाय नाही. नळकांड्याचं तोंड खाली धरून आटे आयपीएत बुडवलेल्या बारीक ब्रशने साफ करा, म्हणजे पूड बाहेर पडेल, डायोडवर जाणार नाही. एकदा फोकस जमला की रोज फिरवायची सवय मोडा.

तिसरं कारण हवा-पाण्याचं. एसी गाडीतून पॉइंटर काढून दमट हवेत आणला की लेन्सच्या आतल्या बाजूला वाफ धरते. दुर्बिणीवर बसवलेल्या पॉइंटरवर पहाटे दव पडतं. दोन्ही वेळा पुसू नका, आपोआप सुकू द्या. ओल्या लेन्सवर चिकटलेली धूळ पुसून फराटे पाडण्यापेक्षा पंधरा मिनिटं थांबलेलं परवडतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात पडलेल्या पॉइंटरच्या लेन्सवर बुरशी येते. तिरप्या उजेडात ती फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखी दिसते. आयपीएने धागे जातात, पण लेन्सवरचं कोटिंग (प्रकाश परत फिरू न देणारा पातळ थर) खाल्लं गेलं असेल तर ठसा राहतो आणि तिथेच प्रकाश विखुरतो. अशी लेन्स बदलाच. पॉइंटर ठेवायच्या डबीतला काळा फोमही तपासून घ्या. दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होऊन भुगा होतो आणि तो भुगा थेट पॉइंटरच्या तोंडात जातो. फोम काढून टाका, हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि सेल बाहेर ठेवा.

४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या पॉइंटरमध्ये आणखी एक प्रकार होऊ शकतो. बरोबर लेन्सच्या मध्यावर, जिथून प्रकाश जातो तेवढ्याच जागी, करडा-तपकिरी डाग धरतो. आतल्या गमाची किंवा सिलिकॉनची वाफ त्या ऊर्जादार प्रकाशात विघटित होऊन तिथे बसते. उपाय तोच, वाफ सोडणारी वस्तू आतून हलवणं.

लेन्स बदलायची वेळ आली तर

आधी खरा हिशेब करा. साध्या लाल पॉइंटरसाठी सुटी लेन्स शोधत फिरण्यापेक्षा लेन्ससकट आख्खं मोड्यूल सहज आणि स्वस्तात मिळतं. सुटी लेन्स घेणं परवडतं ते १२ मिलिमीटर व्यासाच्या मोड्यूलसाठी. त्यांच्या लेन्सच्या नटाला ९ मिलिमीटर व्यासाचे आणि अर्ध्या मिलिमीटर अंतराचे आटे असतात, आणि त्या मापाच्या लेन्स ऑनलाइन भरपूर आहेत. घेताना तरंगलांबी बघा. लालसाठी कोटिंग केलेली लेन्स ४०५ ला लावली तर प्रकाश वाया जातो. तीन काचांच्या लेन्सचा ठिपका नेटका असतो, पण कोटिंग नसेल तर सहा पृष्ठभागांवर प्रत्येकी सुमारे ४ टक्के, म्हणजे एकूण वीस टक्क्यांच्या वर प्रकाश परत फिरतो. एका काचेची लेन्स जास्त प्रकाश सोडते, पण ठिपक्याच्या कडेला थोडं फाटे फुटल्यासारखं दिसतं. तारे दाखवायला मला नेटका ठिपका महत्त्वाचा वाटतो.

बसवताना सपाट किंवा कमी फुगीर बाजू डायोडकडे आणि जास्त फुगीर बाजू बाहेर. उलटी बसली तर कितीही फिरवा, ठिपक्याभोवती वलय राहतं आणि तो कधीच टोकदार होत नाही. नवी लेन्स "खराब निघाली" म्हणून परत पाठवण्याआधी एकदा उलटून पाहा.

फोकस लावताना घाई करू नका. ८ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स योग्य जागेपासून फक्त ०.१ मिलिमीटर बाहेर राहिली तरी किरण अनंताऐवजी साधारण ६४ सेंटिमीटरवर एकवटतो आणि पुढे पसरत जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या आट्यात ०.१ म्हणजे नटाचा एक पंचमांश फेरा. म्हणून टेबलावर फोकस लावून उपयोग नाही. लांब गॅलरी किंवा रिकामा जिना गाठा, वाटेत माणसं आणि काचा नाहीत याची खात्री करा, २० मीटरवर पुठ्ठा उभा करा आणि तिथे ठिपका सर्वांत लहान होईल असं सावकाश जुळवा. मग ठिपक्याचा व्यास, अंतर आणि तारीख एका कागदी टेपवर लिहून पॉइंटरच्या अंगावर चिकटवा. पुढच्या वेळी "परत धूसर झाला" अशी तक्रार आली की आधी तेवढ्याच अंतरावर ठिपका मोजा. व्यास तोच असेल तर नटाला हात लावू नका, सेल आणि तापमान बघा.